जॉबकार्डाच्या पाठीवर

मी अमेरिकेतल्या एका वर्कशॉपात ट्रकची डिझेल इंजिनं उघडतो. त्या सकाळी एक जुना पीटरबिल्ट आला. बॉनेटखाली कॅटरपिलरचं पिवळं सी१५ इंजिन, दहा लाख मैल पळालेलं. आता ऑइल खात होतं, चढावर दमत होतं. या वयात तसं होणारच. ऑइल पॅन उतरवून मेन बेअरिंगचा एक शेल, म्हणजे क्रँकशाफ्टला आधार देणारी अर्धगोल पट्टी, मालकाच्या हातात दिला. वरचा थर झिजून तांबं दिसत होतं.

ओव्हरहॉलचा आकडा ऐकून तो म्हणाला, "मग नवाच घेतो. केबिन पीटरबिल्टचीच. कॅटरपिलरने ट्रकची इंजिनं बंद केली, माहीत आहे. डेट्रॉइटचं इंजिन टाकून घेईन."

पूर्वी तसं जमायचं. केबिन एकाची, इंजिन दुसऱ्याचं, गिअरबॉक्स तिसऱ्याचा. मी कामाच्या नोंदीचं जॉबकार्ड उलटं करून कोणती ट्रक कंपनी कुणाकडे, ते लिहायला घेतलं. फ्रेटलायनर १९८१ पासून डाइमलरकडे. २००० साली वेस्टर्न स्टार आणि डेट्रॉइट डिझेलही तिकडेच गेले, म्हणून ते इंजिन आता त्याच घरच्या ट्रकात. मॅक २००१ पासून व्होल्वोच्या पदरात. इंटरनॅशनल २०२१ मध्ये फोक्सवॅगनच्या ट्रॅटनने घेतला. पीटरबिल्ट आणि केनवर्थ पॅकारचे, त्यांचं स्वतःचं एमएक्स इंजिन. बाहेरचं इंजिन म्हणून उरलं एकट्या कमिन्सचं.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे निवडायचं काय?"

मला हा प्रश्न फार लागला. २००७ आणि २०१० च्या धुराच्या नियमांनी इंजिन घडवणं अतोनात महाग केलं. तो खर्च जास्तीत जास्त ट्रकांवर पसरावा म्हणून कंपन्या आपलंच इंजिन आपल्याच गाडीत बसवू लागल्या. हवा स्वच्छ झाली, हे मी मनापासून मानतो. घरच्या इंजिनाला घरचा गिअरबॉक्स जुळवला की डिझेलही वाचतं. पण प्रत्येक घराचं सॉफ्टवेअर निराळं, त्याची वर्गणी निराळी. आमच्यासारख्या लहान वर्कशॉपाला सगळी कुठून परवडणार? मग एका सेन्सरसाठी गिऱ्हाइकाला डीलरच्या दारात रांग लावावी लागते, आणि तेवढे दिवस त्याची कमाई बंद. बाजारात स्पर्धा किती उरली, हे मला त्या रांगेत दिसतं.

दुपारी त्याने ओव्हरहॉलवर सही केली. मी सिलिंडरचे सहा लायनर, सहा पिस्टन आणि बेअरिंगचा पूर्ण सेट मागवला. झिजलेला शेल त्याने पुसून खिशात टाकला.