झाडीपट्टीत प्रयोगागणिक मानधन : माझा अनुभव

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी लिहू लागलेल्या लेखकापुढे कंपनी बहुधा एकरकमी व्यवहार ठेवते : संहिता द्यावी, ठरलेले पैसे घ्यावेत आणि विषय संपवावा. देसाईगंज (वडसा) येथील एका नाट्य कंपनीने माझे नाटक घ्यायचे ठरवले, तेव्हा मलाही तेच सांगण्यात आले. दिवाळीनंतर होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मंडई (गावची जत्रा) व शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. त्यात एखादे नाटक गाजले, तर एकरकमी पैसे घेतलेल्या लेखकाच्या हाती त्या वाढत्या प्रयोगांचे काहीच येत नाही. म्हणून मी थोडी आगाऊ रक्कम आणि पुढे प्रत्येक प्रयोगामागे तिकीटविक्रीच्या टक्केवारीने मानधन मागितले.

"सर, असं आतापर्यंत कोणी मागितलं नाही जी," असे मालक म्हणाले, परंतु त्यांची अडचण खोटी नव्हती. गावचे मंडळ कंपनीला ठरावीक रक्कम देते आणि तिकीटविक्रीतला नफा-तोटा मंडळ सोसते. कलावंत, वादक, नेपथ्य आणि गाड्या यांचा खर्च कंपनीला त्याच रकमेतून भागवावा लागतो. त्यामुळे मी तिकिटांच्या टक्केवारीचा आग्रह सोडला आणि प्रयोगामागे ठरावीक रकमेवर आमचे जमले.

वकिलांनी कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १९ समजावून दिले. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर संपूर्ण भारत, असे धरले जाते. त्यांच्या सल्ल्याने हक्क विकण्याऐवजी आम्ही एका हंगामापुरता, चार जिल्ह्यांतील व्यावसायिक प्रयोगांचा परवाना लिहिला. छापील पुस्तक, चित्रीकरण आणि हौशी प्रयोग यांचे हक्क माझ्याकडेच राहिले. गाणी आणि विनोदी प्रवेश कलावंत वाढवतातच, त्याला माझी हरकत नव्हती. मात्र जाहिरातीवर लेखकाचे नाव असावे आणि नाटकाचे शीर्षक परस्पर बदलू नये, हे कलम मी हट्टाने घातले.

खरा त्रास मोजणीचा झाला. कंपनीच्या बुकिंग वहीतील काही प्रयोग रद्द झाले होते, तर काही गावांनी ऐनवेळी दुसरेच नाटक मागितले होते. मी ओळखीच्या लोकांकडून गावोगावच्या पत्रकांची छायाचित्रे मागवून ठेवली होती; होळीनंतर वही आणि पत्रके समोरासमोर ठेवून आम्ही तारखा जुळवल्या, आणि वादाचे प्रयोग मंडळांना फोन करून मिटवले. रक्कम हप्त्यांत, पण बँकेतून आली.

पुढे एका हौशी संघाने हेच नाटक राज्य नाट्य स्पर्धेसाठी मागितले, तेव्हा कंपनीला विचारण्याची गरज पडली नाही. परवानगीचे पत्र आणि मानधन यांचा व्यवहार मी थेट त्या संघाशी केला.