आठवड्यांचा केक एका संध्याकाळी

२२ डिसेंबर, रात्री

नाताळचा पारंपरिक फ्रूट केक करायचा म्हटला की तयारी निदान महिना-दीड महिना आधी सुरू करावी लागते. मनुका, बेदाणे, अंजीर, जर्दाळू आणि संत्र्याची पाकवलेली साल ब्रँडीत किंवा रममध्ये भिजत घालायची, केक मंद आचेवर भाजायचा, आणि मग तो कागदात गुंडाळून, अधूनमधून चमचाभर ब्रँडी पाजत, २५ डिसेंबरपर्यंत मुरू द्यायचा. यंदा हाताशी एवढा वेळ नव्हता, शिवाय घरात मद्य वर्ज्य असलेली माणसेही आहेत, म्हणून आज मी सुकामेवा रसात उकळून हा केक केला. या सोप्या कृतीविषयी माझ्या मनात आता खरा आदर निर्माण झाला आहे, आणि त्याची कारणे विसरण्याआधी लिहून ठेवावीत असे वाटते.

फळे इतके दिवस भिजवण्यामागे दोन हेतू असतात. कोरडे फळ तसेच पिठात गेले, तर भाजताना ते भोवतालचा ओलावा शोषून घेते आणि केक कोरडा, भुरभुरीत होतो. आधीच रसाने टचटचलेले फळ असे करत नाही. दुसरा हेतू चवीचा आणि टिकाऊपणाचा आहे. यांतला पहिला हेतू उष्णता काही मिनिटांत साधून देते, दुसरा मात्र तिच्या आवाक्यातला नाही. सोप्या कृतीकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे सारे माझ्या मते या फरकावरच ठरते.

मी साधारण ६०० ग्रॅम सुकामेवा, १५० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम ब्राउन शुगर आणि २०० मिलिलिटर संत्र्याचा रस एकत्र करून मंद आचेवर ठेवला. लोणी वितळून रसाला उकळी आली की पुढे दहा मिनिटे पुरतात. एरवी सुरकुतलेले बेदाणे तेवढ्या वेळात फुगून गोल होतात, त्यांची कातडी ताणली जाऊन चकाकू लागते, आणि अंजिराच्या बिया रसात सुट्या होऊन तरंगतात. त्यानंतर अर्धा चमचा खायचा सोडा घातला. रस आंबट असल्यामुळे सोडा पडताक्षणी सगळे मिश्रण फसफसत दुपटीने वर चढते, म्हणून पातेले खोलगटच घ्यावे. सोड्याने फळांची साल मऊ पडते आणि मिश्रणाचा रंगही गडद होतो. एरवी त्या रंगासाठी साखर जाळून कॅरॅमल करावे लागते.

या कृतीत लोणी आणि साखर फेसत बसावे लागत नाही, आणि अंडी घालताना मिश्रण फाटेल का ही धास्तीही उरत नाही. मात्र उकळलेले मिश्रण पूर्ण निवू देणे अत्यावश्यक आहे, कारण गरम पातेल्यात अंडी फोडली तर ती तिथल्या तिथे शिजून त्यांच्या गुठळ्या होतात. पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवले की हा वेळ बराच कमी होतो. मग तीन अंडी, संत्र्याची किसलेली साल, आणि २२५ ग्रॅम मैद्यात चाळून घेतलेली चमचाभर बेकिंग पावडर, दालचिनी, जायफळ, सुंठ व लवंगेची किंचित पूड घालून मिश्रण हलक्या हाताने एकत्र केले. ते दाटसर असते, त्यामुळे जड फळे तळाशी बसत नाहीत.

भाजण्यात मात्र घाई चालत नाही, आणि सोपी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक कृती नेमक्या इथेच केकवर अन्याय करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. इतक्या साखरेचा आणि फळांचा केक जास्त आचेवर ठेवला, तर कडेची फळे जळून कडू होतात आणि मध्य कच्चा राहतो. म्हणून २० सेंटिमीटरच्या साच्याला आतून बटर पेपरचा दुहेरी थर लावला आणि ओव्हन १५० अंशांवर ठेवून सुमारे दीड तास दिला. वरचा भाग लवकर काळपटू लागला, तर त्यावर फॉइल सैलसर झाकावी. मध्यभागी खुपसलेली सळई कोरडी निघेपर्यंत केक बाहेर काढू नये. तिला चिकटलेला फळाचा गर मात्र कच्चेपणा समजू नये.

जुन्या पद्धतीशी ही प्रतारणा आहे का, असा प्रश्न मनात आला होता. पण ब्रिटनमध्ये हा समृद्ध केक पूर्वी ६ जानेवारीच्या आसपास येणाऱ्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’साठी होत असे, आणि १९व्या शतकात तो सण मागे पडत गेला तसा केक नाताळच्या टेबलावर आला. ज्या परंपरेने स्वतःचा दिवस बदलला, तिला फळे मऊ करण्याची रीत बदललेली खटकावी असे मला वाटत नाही.

तरीही मुरलेल्या केकची चव या केकला येत नाही, हे मान्य करायला हवे. आठवडे लोटतात तसा फळांतला ओलावा आणि भाजलेल्या पिठाचा कोरडेपणा यांचा मेळ बसत जातो, मसाल्यांचा तिखटपणा निवळतो, आणि मद्य व साखर मिळून केकला बुरशीपासून जपतात. ब्रँडीऐवजी भाजलेल्या केकवर रोज संत्र्याचा रस शिंपडावा, असा सल्ला अनेक जण देतात. तो मला अजिबात पटत नाही, कारण रसात ब्रँडीचा टिकाऊ गुण नसतो आणि त्या ओलीने बुरशीलाच निमंत्रण मिळते. हा केक घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा.

तो आज रात्री कापायचा नाही, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. गरम केकचे तुकडे पडतात आणि फळे सुरीबरोबर ओढली जातात. निदान एक रात्र गेली की काप स्वच्छ पडतो, जायफळ आणि लवंगेचा वासही बसतो. मार्झिपान म्हणजे बदाम-साखरेचा लगदा आणि साखरेचे आयसिंग यांचा थर मी मुद्दाम टाळला आहे, कारण त्यांच्या गोडीखाली संत्र्याच्या सालीचा कडवटसर सुगंध हरवला असता. वर फक्त पिठीसाखर भुरभुरवेन, तीही वाढायच्या वेळी, कारण आधी घातलेली साखर केकची ओल पिऊन दिसेनाशी होते.