काकूंच्या हीटरचे ३२० वॉट

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आली होती. सकाळी सातला साखर पेठेतल्या काकूंचा फोन. "अरे, तुझा हीटर पाणीच तापवत नाही की! डुप्लिकेट दिलास का मला? पाहुणे यायलेत, आंघोळी कशा उरकायच्या?"

अशोक चौकात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हीटर, इस्त्री, मिक्सरही दुरुस्त करतो. माल विकतो थोडाच, पण डुप्लिकेट विकत नाही. त्यामुळे शब्द लागला. चहा तसाच ठेवला आणि मीटर घेऊन निघालो.

हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड, २३० व्होल्ट, १५०० वॉट. प्लग काढून मल्टिमीटर लावला तर रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ३५.३ ओहम. आता २३० चा वर्ग भागिले १५०० केलं की ३५.२७ येतात. म्हणजे कॉइल लिहिल्याबरहुकूम होती. मी काकूंना म्हणालो, "हीटर चोख आहे." त्या म्हणाल्या, "मग पाणी का गार आहे?" बरोबरच होतं त्यांचं.

गार हीटर मोजून हे चालतं, कारण कॉइल नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची असते. तापली तरी तिचा रेझिस्टन्स फार बदलत नाही. जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब असा मोजायला जाल तर फसाल. हिशोबाने ५२९ ओहम हवेत आणि मीटर चाळीसच्या आसपास दाखवतो. बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावरच खरा आकडा धरते. मोटारीचं तर बोलूच नका. माझ्याकडच्या पोराने एकदा अर्ध्या एचपीच्या पंपाचं वाइंडिंग सहा ओहम मोजलं, २३० ला सहाने भागलं आणि "अण्णा, ही ३८ अँपिअर खाईल" म्हणून ओरडला. पंप चालला साडेतीनवर. एसीवर कॉइल नुसत्या तारेच्या रेझिस्टन्सने करंट अडवत नाही, आणि मोटार फिरायला लागली की स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते. शिवाय तिथं व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे सरळ वॉटही नव्हेत, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला किती भाग खरे वॉट होतो तो आकडा, मध्ये येतो. हीटर त्या मानाने सरळ माणूस.

तर बाथरूमच्या प्लगात हीटर बंद असताना व्होल्टेज मोजलं, २१६. रॉड बादलीत सोडून बटण दाबलं. २०४! मग टाँग टेस्टर, वायरला चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर. पूर्ण केबलला अडकवलात तर तो शून्य दाखवतो, फेज आणि न्यूट्रलचा करंट एकमेकांना मारतो म्हणून. मी त्यासाठी एक एक्स्टेन्शनच ठेवलंय, वरचं आवरण सोलून दोन्ही वायर वेगळ्या केलेलं. एकीला अडकवला, ५.७८ अँपिअर.

२०४ गुणिले ५.७८ म्हणजे ११८० वॉट. १५०० मधले ३२० गायब. वीस लिटरची बादली पंचविसावरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला पूर्ण ताकदीने साडेअठरा मिनिटं लागावीत, इथं साडेतेवीस लागणार. काकू खोटं बोलत नव्हत्या.

व्होल्टेज थोडं पडलं तर वॉट वर्गाने पडतात, हे आयटीआयत घोकलं होतं. पण माझं लक्ष आता हीटरवर नव्हतंच. बटण दाबल्यावर जे १२ व्होल्ट पडले, ते गेले कुठं? मेन स्विचवर जाऊन पाहिलं, हीटर चालू असूनही तिथं आकडा २१६ वरून हलेना. म्हणजे व्होल्ट पडत होते ते घरातच, मेन आणि बाथरूमच्या मध्ये.

जर्मनीतल्या ओहम नावाच्या शिक्षकाने १८२७ मध्ये मांडलेला नियम, व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, हीटरला लागतो तसाच भिंतीतल्या तारेलाही लागतो. १२ भागिले ५.७८ म्हणजे दोन ओहमच्या वर थोडं. वायर तांब्याची, एक स्क्वेअर एमएम, जाऊन-येऊन २८ मीटर. तिचे जेमतेम अर्धा ओहम होतात. उरलेला दीड ओहम कुठल्या तरी एका ठिकाणी बसला होता. करंटचा वर्ग गुणिले दीड, ५० वॉट. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं आहे. अशी दोन आयर्न काकूंच्या भिंतीत रोज सकाळी तापत होती.

स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या जंक्शन बॉक्सवर हात ठेवला तर गरम. "इथं नेहमी असंच असतं, चुलीच्या पलीकडची भिंत ना," काकू म्हणाल्या. मेन बंद करून झाकण काढलं. कनेक्टर नव्हताच. जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर आणि नवी तांब्याची, दोन्ही पीळ मारून टेपने गुंडाळलेल्या. टेप डांबरासारखी वितळलेली, वायरचं इन्शुलेशन दोन बोटं जळून कडक झालेलं, बोट लावलं की भुगा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं तापून फुगतात ते सारखे नाहीत, वर अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो. पीळ सैल, रेझिस्टन्स वाढला, म्हणून उष्णता, म्हणून पीळ आणखी सैल. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायचं कारणच नव्हतं, करंट उलट कमी झाला होता.

जळकं कापून टाकलं, अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा काढून तांब्याची वायर ओढली, चांगला कनेक्टर बसवला. परत मोजलं. चालू हीटरवर २१३ व्होल्ट, ६.०३ अँपिअर. १२८५ वॉट झाले. काकूंना कागदावर लिहून दाखवलं, अभिमानानेच.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "पंधराशेतले बाराशे पंच्याऐंशी गेले. दोनशे पंधरा कुठायत अजून?"

"काकू, ते पंधराशे २३० व्होल्टवरचे. सकाळी सगळ्या पेठेत हीटर लागतात, लाइनलाच २१६ येतंय. त्याला मी काय करू?"

"मला पैसे मात्र पंधराशेचे लावलेस," काकू म्हणाल्या आणि बादलीत हात घालायला निघाल्या. मी ओरडलो, "आधी बटण बंद करा!"