एअर्स, एअर, हेअर्स : सासरच्या पूर्वजांचा माग

माझ्या सासरी एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आडनाव एअर्स, पण आपण मूळचे एअर, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातल्या सॉल्सबरीकडचे. त्या एअर घराण्यात सतराव्या-अठराव्या शतकात न्यायाधीश होऊन गेले, मोठा जमीनजुमला होता. शेवटचा 'स' मधे कधीतरी चिकटला, असं सासरे ठासून सांगायचे. पुरावा कोणाकडेच नव्हता. जुने कागद चाळायची हौस घरात मलाच, त्यामुळे शोधाचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे. सासरी असं पुस्तक करायला कोणी बसलंच नव्हतं, पण कच्चा माल मात्र आमच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्याने गावातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. सुरुवातीच्या कागदी वह्या बऱ्याच ठिकाणी नष्ट झाल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला लावल्या, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी; म्हणून पुष्कळ गावांची वही १५५८ पासून सुरू होते. दर वर्षीची एक नक्कल बिशपकडे धाडायचा दंडकही तेव्हाच पडला. आमच्या माहेरच्या पुस्तकात जुन्या पिढ्यांतल्या मुलींचा पत्ता नाही. इथे मात्र दोन दिवस जगून गेलेल्या विणकराच्या मुलीचीही ओळ सापडते.

पण थेट त्या वह्यांवर उडी मारून चालत नाही. जे पक्कं ठाऊक आहे तिथून एकेक पायरी मागे जायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि जन्माच्या सरकारी सूचीत आता आईचं माहेरचं आडनावही दिसतं, त्यामुळे हा टप्पा भराभर उरकला. सासऱ्यांचे पणजोबा स्विंडनमध्ये जन्मले. त्यांचे वडील विल्यम तिथल्या रेल्वे कारखान्यात मजूर. कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि विल्टशरभरातून माणसं कामाला आली, त्यातलाच हा एक. १८५१ च्या जनगणनेत वय ३४, जन्मगाव नॉर्थ ब्रॅडली. हे गाव ट्रोब्रिजच्या दक्षिणेला, लोकरी कापडाच्या पट्ट्यात. हातमाग बसत चालले होते, तेव्हा माणूस रेल्वेकडे का वळला हे सांगायला नको. १८४२ च्या लग्नाच्या दाखल्यात वडिलांचं नाव जेम्स, धंदा विणकर. सहीच्या जागी विल्यमची फुली आणि भोवती पाद्र्याच्या हातचं 'ही विल्यम एअर्सची निशाणी'.

या निशाणीपाशी मी बराच वेळ थांबले. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्याच्या आडनावाचं स्पेलिंग त्याचं नसतंच, ते लिहिणाऱ्याचं असतं. पुढचा सगळा घोळ आणि त्याची सोडवणूक, दोन्ही याच्यातच होतं.

१८१७ च्या सुमाराचा विल्यमचा बाप्तिस्मा शोधायला नॉर्थ ब्रॅडलीच्या ऑनलाइन सूचीत एअर्स टाकलं, काही नाही. सारख्या उच्चाराची आडनावं दाखवणारा पर्याय असतो, तो लावला, तरी नाही. बऱ्याच ठिकाणी त्यामागे साउंडेक्स नावाची १९१८ सालची जुनी युक्ती असते. आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे. मधल्या स्वरांचे गोंधळ ती बरोबर पकडते, पण पहिलंच अक्षर बदललं की तिचे हात टेकतात. आमचं आडनाव इंग्रजीत कुठे 'ए' (A) ने सुरू होतं, कुठे 'ई' (E) ने. शिवाय इकडच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गिळतात. हे ठाऊक असलेला शिकलेला पाद्री, गावकऱ्याने गिळलेला 'ह' आपल्या मनाने परत लावून देतो. मुळात तो असो वा नसो!

मग आडनावाचा रकाना कोराच ठेवला. वडील जेम्स, मुलगा विल्यम, गाव नॉर्थ ब्रॅडली, मागेपुढे दोन-तीन वर्षं. निघाला तो 'हेअर्स' म्हणून.

आता हाच आपला विल्यम कशावरून? इथे १८१२ चा कायदा कामाला आला. १ जानेवारी १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या वह्या छापील झाल्या, पानावर आठ चौकटी. प्रत्येकीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि शेवटी विधी कोणी केला त्याची सही. सूचीवर न थांबता मी मूळ पानाचं चित्र उघडलं. जेम्स आणि अ‍ॅन, साउथविक, विणकर. साउथविक ही याच पॅरिशमधली वस्ती. पुढची पानं चाळली, तर त्याच जोडप्याची, त्याच वस्तीतली आणखी दोन मुलं, एक आयर्स, एक एअर्स. तिन्ही चौकटींच्या शेवटच्या सह्या पाहिल्या, तर तीन वेगळे पाद्री. कुटुंब तेच होतं, कान बदलले होते. १८४१ च्या जनगणनेत जेम्स साउथविकलाच विणकर म्हणून आहे, वय ५०. त्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायचं होतं, म्हणजे ५० ते ५४ मधलं काहीही. १८५१ मध्ये तो ६३ वर्षांचा आहे आणि जन्मगाव सांगतो स्टीपल अ‍ॅश्टन.

तेव्हा सूची हे बोट दाखवायचं साधन, नोंद पाहायची ती मूळ पानावरच. ज्या साइटना पैसे पडतात त्यांपैकी काही इथल्या सार्वजनिक वाचनालयांत फुकट बघता येतात, आणि फॅमिलीसर्च व फ्रीरेज तर घरबसल्याही फुकट आहेत.

स्टीपल अ‍ॅश्टनमध्ये १७८८ च्या आसपास जेम्स नव्हता. कुठल्याच स्पेलिंगने नव्हता. तेव्हा मी कायदे वाचायला घेतले, आणि मला विचाराल तर या छंदातला अर्धा वेळ तिकडेच द्यावा. १७८३ पासून प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. अगदी कंगाल असतील त्यांना माफी, आणि त्यांच्या नावापुढे वहीत तसा शेरा पडायचा. मधल्या गरिबांनी काय करावं? बाप्तिस्मा लांबवावा. १७९४ मध्ये कर उठला आणि १७९५ च्या जानेवारीत एका दिवशी एकाच घरातली चार मुलं ओळीने वहीत उतरली. त्यांतला तिसरा जेम्स, पुढे 'वय सात'. वडील जॉन, आई मेरी.

या जॉनने मात्र दमवलं. एका नातेवाइकांनी जोडलेल्या वंशवृक्षात त्याच्या जागी शेजारच्या पॅरिशचा, १७५५ मध्ये बाप्तिस्मा झालेला जॉन बसवला होता, आणि तो तसाच आणखी कोणाकोणाच्या वृक्षांत उतरला होता. त्याच पॅरिशची दफनाची वही पाहिली तर तो मुलगा १७५८ मध्ये गेलेला. म्हणून बाप्तिस्मा सापडला की आधी पुढच्या दहा वर्षांची दफनं बघावीत. लहानपणीच गेलेल्या मुलाला नातवंडं चिकटवलेली मी एवढ्यात बरीच पाहिली.

खरा जॉन चिपनहॅमच्या रेकॉर्ड ऑफिसात भेटला. जुन्या वह्या आता चर्चच्या कपाटात राहत नाहीत, १९७८ च्या कायद्यानंतर बहुतेक सगळ्या अशा अभिलेखागारांत आल्या. विल्टशरच्या बहुतेक तिथे आहेत, आणि त्यांच्याबरोबर पॅरिशच्या पेटीतले इतर कागदही. हिशेब, गरिबांना दिलेली मदत, आणि रहिवासाच्या जबान्या. या जबान्यांचं प्रकरण असं, की गरिबाला पोसायची जबाबदारी ज्या त्या पॅरिशवर होती. १६६२ च्या कायद्याने, बाहेरून आलेलं कुटुंब उद्या आपल्या गळ्यात पडेल अशी नुसती शंका आली तरी त्याला मूळ गावी हाकलता यायचं. प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत हाकलू नये ही सुधारणा १७९५ ची. मग माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करून विचारायचे, जन्म कुठला, उमेदवारी कुठे केली, वर्षभर सलग नोकरी कोणाकडे केली. गरिबाचं चरित्र कोणी लिहीत नाही, पण त्याला हुसकावता येईल का हे बघायला सरकारने ते लिहून घेतलं.

पेन, पिशवी, पाण्याची बाटली बाहेर. आत फक्त पेन्सिल. कागद स्पंजच्या उशीवर ठेवायचा आणि पान मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली वजनाची माळ. १७८४ ची एकपानी जबानी, घडीवर विरलेली. पहिल्या ओळीत 'जॉन आयर्स, विणकर'. मधे बायको मेरीचा उल्लेख येतो तिथे 'ईअर्स'. खाली निशाणीपाशी 'हेअर्स'. एकच कारकून, एकच शाई, एकच बैठक! इतके दिवस मी स्पेलिंगांचा तक्ता करत होते, कुठलं खरं ते ठरवायला. तो तक्ता त्या दिवशी बंद केला. त्या लोकांना एक आडनाव आणि एक स्पेलिंग ही गरजच नव्हती. गावात जॉन विणकर म्हटलं की कळायचं. आपण पॅनकार्ड आणि पासपोर्टच्या काळात वाढलो, म्हणून आपल्याला त्याचा त्रास होतो.

जबानीत जॉन म्हणतो की आपण, 'ऐकिवात आहे आणि विश्वास आहे त्याप्रमाणे', वेस्टबरीचे. स्वतःच्या जन्माची ऐकीव माहिती शपथेवर सांगायची तर ही ठरलेली शब्दरचना असे. सोबत वेस्टबरीच्या अधिकाऱ्यांची चिठ्ठीही होती, की हे कुटुंब मदतीला लागलं तर आम्ही परत घेऊ. चिठ्ठी होती म्हणून त्यांना राहू दिलं, आणि चार वर्षांनी स्टीपल अ‍ॅश्टनमध्ये जेम्स जन्मला.

सासऱ्यांना फोन केला. न्यायाधीश कोणी नाही, मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आपला एक जण हजर झाला होता, असं सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ''म्हणजे कोर्टाशी संबंध होता तर.''

वेस्टबरीत जॉनचा बाप्तिस्मा लगेच सापडला, १० फेब्रुवारी १७४७. आईबापांचं लग्नही त्याच वहीत, जून १७४७. कोणी घाईघाईने नाक मुरडण्याआधी सांगते, तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जून १७४७ आधी आणि फेब्रुवारी १७४७ नंतर, आपल्या हिशेबाने १७४८. ही रीत १७५२ मध्ये बदलली. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. म्हणून त्याआधीच्या जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा १७४७/८ अशा दुहेरी लिहाव्यात, नाहीतर वर्षभराने चूक होते. जून ते फेब्रुवारी आठच महिने होतात, पण ते त्यांचं त्यांनी पाहिलं असणार.

त्याच्या मागे अक्षर आणि भाषा दोन्ही बदलतात. जुन्या वहीत काही पाद्री लॅटिन वापरतात, त्यामुळे विल्यमचा गुलिएल्मुस आणि जेम्सचा याकोबुस होतो. सुदैवाने लॅटिन ठरावीक आठ-दहा शब्दांचंच असतं. मुलगा, मुलगी, बाप्तिस्मा झाला, पुरलं. अक्षरासाठी मी त्याच पानावरची ओळखीची नावं आधी वाचून त्या माणसाची वळणं उतरवून ठेवते, मग आडनावाकडे जाते. तेव्हाचा इंग्रजी लांब 'स' (s) हा 'फ' (f) सारखा दिसतो, आणि सुरुवातीचा मोठा 'फ' काढायचा तर दोन छोटे 'फ' जोडून काढत.

जॉनचे वडील पुन्हा विल्यम, आणि इथे दोन उमेदवार आहेत. एक वेस्टबरीचाच, १७१९ चा, आडनाव एअर. दुसरा शेजारच्या पॅरिशमधला, १७२१ चा, ईअर्स. दोघांचंही लहानपणी दफन सापडलेलं नाही. मृत्युपत्रांनी असे पेच सुटतात. सॉल्सबरीच्या चर्च-न्यायालयांतली १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चिपनहॅमलाच आहेत, पण भाड्याच्या मागावर बसणारे विणकर मृत्युपत्र कशाला करतील? बाप्टिस्ट लोकही त्या भागात बरेच. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, तेव्हा पॅरिशच्या वहीत न आलेला एखादा तिसरा विल्यमही असू शकतो. त्यांच्या जन्मनोंदी १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आता लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या मी चाळल्या, पण इतक्या मागच्या नव्हत्या.

वंशवृक्षात सध्या दोन्ही विल्यम तुटक रेषेने लावलेत. १७२१ वाल्याच्या पॅरिशमधल्या दफनाच्या वहीची तेव्हाची काही पानं ओल लागून गेली आहेत, तेव्हा बिशपकडे गेलेल्या त्या वर्षांच्या नकला मागवल्या आहेत. तो लहानपणीच गेला असेल तर वेस्टबरीची रेघ पक्की करता येईल. नाही गेला, तर दोघांच्या भावंडांच्या लग्नांतले साक्षीदार एकेक करून तपासावे लागतील, आणि त्यात हा हिवाळा जाईल.