बीप न देणारा बोर्ड

"सर, पुस्तकात बीपचा तक्ता आहे, पण या बोर्डाला स्पीकरच नाही," असे दुरुस्तीच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागलेला मुलगा आज माझ्यादेखत मालकांना म्हणाला आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

संगणक सुरू होताना मदरबोर्ड, म्हणजे त्याचा मुख्य बोर्ड, ठरावीक बीप देऊन आपली स्थिती सांगतो आणि त्या बीपचे अर्थ अशा तक्त्यात असतात. त्याच्या हातातील मार्गदर्शिकेत, ॲवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रणालीत) एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा बिघाड, असे ठळक छापले होते. समोरच्या मदरबोर्डावर मात्र सीपीयू, डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावे असलेले, दोष कुठे आहे ते दाखवणारे चार बारीक दिवे होते आणि त्यांतला डीरॅमचा लागलेला होता.

तसे पाहता हे तक्ते पूर्वीही सरसकट लागू पडत नसत. ॲवॉर्डमध्ये एक आखूड बीप म्हणजे सारे ठीक. एएमआय या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये तोच बीप मेमरी रिफ्रेशचा, म्हणजे मेमरीतील माहिती टिकवून ठेवण्याच्या क्रियेचा, दोष सांगत असे.

मुलाने पुस्तक मिटले, वीजपुरवठा तोडला, रॅमची एकच पट्टी ठेवून ती दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली आणि संगणक सुरू झाला. एकेक भाग वगळत दोषापर्यंत पोहोचण्याची ही रीत मार्गदर्शिकेतही होती, पण शेवटच्या परिशिष्टात, लहान टाइपात. परीक्षेत तक्ते विचारणे सोपे पडते, म्हणून तर ते पुढे आणि रीत मागे, असे होत नसेल ना?