बुलेटला हार, उंदराला दूध

वाळवंटात थांबायला कारण लागतं. आपल्याकडे लागत नाही. बेळगाव सोडून निपाणीच्या दिशेला लागलं की काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट. मध्ये चहा, मध्ये म्हसोबा, मध्ये पंक्चरवाला. थांबायचं नाही असं ठरवलं तरी गाडीतलं कुणीतरी थांबवतंच. राजस्थानात बाडमेर ते जैसलमेर दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर हा प्रकार नाही. तिथे खेजडीचं एखादं झाड दिसलं तरी गाडीचा वेग आपोआप उतरतो. म्हणून असेल, तिकडच्या माणसांनी मिळेल त्या गोष्टीचा थांबा केला आहे. मोटारसायकलचा, उंदरांचा, न फुटलेल्या तोफगोळ्यांचासुद्धा.

आणि हे सगळं आपल्याच रस्त्याच्या टोकाला आहे. बेळगावातून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद करत उदयपूर-जयपूरवरून थेट दिल्लीला जातो. अहमदाबादपर्यंत हजारेक किलोमीटर तोच धरायचा, मग पालनपूर, सांचोर, बाडमेर करत जैसलमेरला साडेपाचशेच्या आसपास. पहाटे चारला निघावं. चारला निघालं तर ठाणं आणि घोडबंदर दुपारच्या सुस्तीत पार होतं. आठला आंघोळ, नऊला नाष्टा, दहाला नारळ असं केलं तर संध्याकाळी तिथेच ट्रकांच्या मागे बसून सगळ्यांचे स्वभाव कळतात. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. उन्हाळ्यात शहाणा माणूस जात नाही. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं.

बरोबर काय न्यावं यावरून घरोघरी वाद होतात. कुंदा नेऊ नये. तो मारवाडातून इकडे आलेल्या हलवायांच्या हातचा मानतात म्हणून परत मारवाडात मिरवावा, ही कल्पना छान. पण खवा आहे, बंद गाडीच्या उन्हात आंबतो. गोकाकचं करदंट न्यावं. गूळ, डिंक, सुकं खोबरं आणि सुका मेवा. पाणी जवळपास नाहीच, त्यामुळे ते आठवडे टिकतं. ज्वारीची कडक भाकरी त्याहून टिकाऊ. शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी कोरडी न्यावी, तेल तिथे मिळतं. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, आणि गाडीसाठी पाच लिटरचा वेगळा कॅन. त्यावर ठळक लिहून ठेवावं, नाहीतर तहान लागलेला माणूस गाडीचंच पाणी आधी संपवतो.

गाडीचं म्हणाल तर टायरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी तपासायची. तिकडे पहाटे आठ-दहा अंश असतात आणि दुपारी तीस. दर साडेपाच अंशांना टायरमधला दाब साधारण १ पीएसआय वाढतो, शिवाय धावून टायर तापतो तो निराळा. दुपारी ३२ च्या जागी ३७ दिसले म्हणून घाबरून हवा सोडणारे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर बसका निघतो. दुसरा शत्रू काटा. वेडी बाभूळ तिकडे आपल्यापेक्षा माजलेली आहे आणि सावलीच्या मोहाने गाडी नेमकी तिच्याखाली लागते. काटा रबरात मोडून राहतो, हवा रात्रभर हळूहळू जाते. ट्यूबलेस टायर असेल तर काटा रस्त्यातच उपटू नये. हवा भरत पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जावं. बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ हवाच. तो इंजिन चालू ठेवून वापरायचा आणि एका टायरनंतर थोडा गार होऊ द्यायचा. सलग चारही टायर भरायला गेलं की पंप तरी तापून बसतो, नाहीतर सॉकेटचा फ्यूज उडतो.

बाडमेरपासून पस्तीसेक किलोमीटरवर किराडूची देवळं आहेत. अकराव्या शतकातलं सोमेश्वर मंदिर त्यातलं मुख्य. सूर्यास्तानंतर तिथे राहणारा दगड होतो अशी समजूत आहे. समजूत बाजूला ठेवली तरी संध्याकाळी निघावंच, कारण परतीच्या रस्त्यावर अंधारात उंट बसलेले असतात. उंट उंच असतो. दिव्याच्या झोतात नुसते चार पाय दिसतात आणि धडक बसली तर पाय बाजूला होऊन धड थेट काचेवर येतं. त्या मुलखात दिवेलागणीनंतर गाडी न चालवणं हा एकच नियम बिनचूक पाळावा. बाकीचे मोडले तरी निभावतं.

जैसलमेरच्या अलीकडे १७ किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे. बाहेरून बघून बरेच जण गाडी पुढे काढतात: माळरान, त्यावर लोखंडी जाळ्या आणि वर पत्रे. जाळीच्या आत दगड झालेली झाडं आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची. मोठ्यातलं मोठं खोड तेरा मीटरच्या वर लांब. जाळीला नाक लावून पाहिलं तर सालीच्या रेघा, फांदी फुटायची गाठ, सगळं जागच्या जागी असतं. फक्त ते लाकूड नसतं. गाडल्या गेलेल्या खोडात सिलिका विरघळलेलं पाणी मुरत गेलं, लाकडाच्या एकेका पेशीच्या जागी दगड बसला आणि घाट तेवढा राहिला. आज जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो तिथे तेव्हा खानापूरच्या रानासारखी दाट, ओली झाडी होती. कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्या माणसाने आकलला अर्धा तास जास्त द्यावा. तुकडा मात्र खिशात टाकू नये.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह याच्या जाचाला कंटाळून सगळं गाव एका रात्रीत उठून गेलं, अशी कथा सांगतात. भुताखेतांची पुरवणी वाटाडे जोडतात, ती ऐकून सोडून द्यावी. बघण्यासारखी आहे ती या लोकांची खडीन. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा, वरच्या खडकाळ माळाचं पाणी त्यामागे अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. अथणीकडे शाळू पेरणाऱ्याला ओलीचं हे गणित वेगळं समजवावं लागत नाही. आपल्याकडे काळी जमीन ओल धरते. तिथे बांध घालून धरायला लावली.

जैसलमेर, रामगढ, तनोट, लोंगेवाला आणि परत हा फेरा पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. डिझेल जैसलमेरलाच भरावं. रस्ता गुळगुळीत असतो, तोच घात करतो: शंभरच्या वेगात असताना मध्येच वाऱ्याने आणलेली वाळूची जीभ रस्त्यावर पसरलेली असते. वेग आधी उतरवायचा. वाळूवर ब्रेक नाही, वळण नाही, स्टिअरिंग सरळ. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला उतरलेली गाडी तर हमखास रुतते. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचाच खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. खाली उतरून चाकांच्या मागची वाळू हाताने उपसायची, हवा १८ पीएसआयपर्यंत सोडायची म्हणजे टायर पसरून वाळूवर तरंगतो, चाकाखाली पायपुसणी घालायची आणि आलो त्याच चाकोरीतून उलटं निघायचं. १५ च्या खाली गेलं तर टायर रिमवरून सुटायची भीती. डांबरावर आल्यावर आधी हवा भरायची, मग दात काढायचे.

यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालावर चालून आलेले पाकिस्तानी रणगाडेही याच वाळूत अडकले होते. समोर पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, शंभर-सव्वाशे माणसं. उजाडताच जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्यावर रुतलेले रणगाडे टिपले गेले. त्यातले टी-५९ रणगाडे तिथे ठेवलेले आहेत. तनोटच्या देवळात १९६५ च्या युद्धात आवारात पडून न फुटलेले गोळे काचेमागे मांडले आहेत. देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं आणि नवसाचे रुमाल बांधायला जागा अपुरी पडते.

परतीला पोखरणजवळ रामदेवरा लागतं. रामदेवबाबा या तिकडच्या लोकदेवाला कापडी घोडे वाहतात. बोटभर उंचीपासून माणसाएवढ्यापर्यंत रंगीत घोडे दुकानांपुढे रांगेने उभे असतात. भाद्रपदात जाणार असाल तर रस्ताभर पायी यात्रेकरू असतात, तेव्हा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेच्या दिवसांत चालवता तशीच गाडी चालवावी. फलोदीजवळच्या खीचनला हिवाळ्यात हजारोंनी कुरजा, म्हणजे करकोचे, उतरतात, गावकरी त्यांना दाणे घालतात. सकाळी लवकर पोचलात तरच उपयोग. देशनोकचं करणीमाता मंदिर बिकानेरच्या अलीकडे तीस किलोमीटरवर. उंदरांना तिथे काबा म्हणतात, परातीच्या कडेला बसून ते दूध पितात. अनवाणी जायचं, पण पाय उचलून टाकायचा नाही, फरशीवरून घासत न्यायचा; पायाखाली काबा मेला तर चांदीचा उंदीर वाहावा लागतो असा रिवाज आहे. शेपटीच्या भीतीने उड्या मारणाऱ्यांनी जुने मोजे चढवावेत आणि बाहेर आल्यावर तिथेच टाकून द्यावेत.

एव्हाना बेळगावची केए-२२ ची पाटी बघून 'बंगलोर से?' असं विचारणारे दहा जण भेटलेले असतात. आत मराठी चाललंय हे ऐकून ते आणखी गोंधळतात. सीमाभागाचं दुखणं तिथे उकलत बसू नये, हो म्हणावं.

शेवटचा थांबा जोधपूर-पाली रस्त्यावरचा ओम बन्नांचा. चोटिलाजवळ अपघातात गेलेल्या ओमसिंह राठोडांची ३५० सीसी बुलेट, नंबर आरएनजे ७७७३, काचेच्या पेटीत हार घालून उभी आहे. पोलिसांनी ती ठाण्यात नेली, पेट्रोल काढून साखळीने बांधली, तरी सकाळी अपघाताच्या जागी परत आली, ही तिची कथा. ट्रकवाले हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नाहीत. जवळच्या झाडाला दोरे आणि बांगड्या, आणि नैवेद्याला दारू. गाडी हायवेच्या कडेला न लावता आत घ्यावी, कारण दर्शनाला माणसं धावत रस्ता ओलांडतात आणि त्यातल्या काहींनी प्रसाद आधीच घेतलेला असतो. चालवणाऱ्याने नुसता हात जोडावा. पुढे पाली वीस किलोमीटर आणि त्या पट्ट्यात ट्रक फार.