तुम्ही विचारलंत म्हणून: पेज का नाही आणि नळी का

“तोंडान खाता मरे तो, मागीर पोटाक नळी कित्याक?”

आमचा पोरगा तोंडाने खातो तर त्याच्या पोटाला नळी कशाला, हे गेल्या दीड वर्षात इतक्या जणांनी विचारलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका अनोळखी बाईंनी विचारलं, देवळात विचारलं, चुलतभावाने तर जेवणाच्या पानावर बसून विचारलं. दरवेळी मी “डॉक्टरांनी सांगितलं” म्हणून सुटतो. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण त्यांनी सांगितल्यावर जवळजवळ दोन वर्षं मी ऐकलं नव्हतं, तेवढं मात्र गाळतो. आज एकदाचं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आजाराचं पुराण परत नको. नीमन-पिक सी, आईबापांकडून एकेक बिघडलेला जीन, पेशींत कोलेस्टेरॉल अडकून बसतं, हे आमच्याकडून ऐकून ऐकून तुम्हाला पाठ झालंय. फक्त गिळण्याचं सांगतो, कारण सगळ्यांचा घोळ तिथंच होतो, माझाही झाला.

आपल्याकडे आजारी माणसाला काय देतात? पेज. ताप आला पेज, पोट बिघडलं पेज, म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं तरी पेज. माझी आई म्हणायची, भात त्याला जड जातो ना, मग उकड्या तांदळाच्या पेजेचं वरचं पाणी दे, आपोआप उतरेल. न पटण्यासारखं त्यात आहे काय? पण या पोरांचं उलटं असतं. जरा दाट घास तोंडात जाणवतो, हळू सरकतो, घशाला तयारीला वेळ मिळतो. पाणी सुळकन मागे जातं, आणि श्वासनळीचं झाकण पडायला किंचित जरी उशीर झाला तरी थेट छातीत. म्हणजे जे आम्ही सगळ्यात हलकं म्हणून प्रेमाने भरवत होतो तेच सगळ्यात धोक्याचं.

स्पीच थेरपिस्ट बाईंनी मग मला सिरिंजची परीक्षा शिकवली. सुई न लावलेली 10 मिलीची सिरिंज, खालचं भोक बोटाने बंद, वरपर्यंत पेज भरायची, बोट काढायचं आणि 10 सेकंद मोजायचे. आमच्या पोराला लागतो तो घट्टपणा म्हणजे आत 4 ते 8 मिली उरलं पाहिजे. हे सगळीकडे एकच माप आहे, सिरिंजही ठरावीक लांबीचीच लागते. मी दुकान बंद करून घरी आलो की ओट्यावर हेच करत बसायचो, तांदळाचं पीठ लावून पेज दाट करायची, मोजायची, परत लावायचं. बायको म्हणायची, लॅबोरेटरी उघडलीय. मला जरा अभिमानच होता त्याचा, खोटं कशाला बोलू.

आता 2023 ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. मूळ घरी सगळे जमलेले, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, पोरं मागच्या अंगणात धिंगाणा घालत होती. हा तेव्हा सात वर्षांचा. हसला की याची मान गळते आणि गुडघे सुटतात, आजाराचाच भाग आहे तो, त्यामुळे भरवताना पोरांना लांब ठेवायचं हा आमचा नियम, पण चवथीला पोरांना लांब कोण ठेवणार? वाटी मी स्वतः मोजून केली होती, 5 मिली उरलं होतं, पक्कं आठवतं. एक चमचा, थांब, हनुवटी खाली, गिळ, थांब. चुलतभावंडं येऊन काहीतरी बोलायची, हा हसायचा, मान खाली, मी परत सरळ करायचो. तासभर झाला, वाटी अर्धीसुद्धा संपली नव्हती. आरतीची वेळ झाली, मला आत बोलावत होते. आणि मी बघितलं की वाटीतली पेज पातळ झालीय. खाली अगदी पाण्यासारखी.

मी काय विचार केला सांगू? बरं झालं, पटकन जाईल.

शेवटचं तर मी चमच्यानेही नाही दिलं, वाटीच ओठाला लावली. तो प्यायला. खोकला नाही, ठसका नाही, काही नाही. मला वाटलं, बघ, किती छान प्यायला. मग त्याने “पप्पा” म्हणून हाक मारली आणि आवाज ओला होता, घशात पाणी धरून बोलल्यासारखा. ओल्या आवाजाचं मला बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं. वर्षभर मी सगळ्यांना सांगत आलो की टाळ-घुमटाच्या आवाजात ऐकूच आलं नाही. ऐकू आलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, अकरा दिवस हॉस्पिटल. पेज पातळ कशी झाली ते बाईंनी नंतर उलगडलं. तोच चमचा तोंडात आणि परत वाटीत जात होता, लाळेतलं द्रव्य पिठातला स्टार्च फोडतं, तासाभरात सगळी मेहनत पाणी. म्हणजे मोजमाप मी बरोबर केलं होतं, तासापूर्वीचं. मग झँथन गमची पावडर आणली, तिला लाळेने काही होत नाही, महाग पडते.

आता तुम्ही म्हणाल, त्यानंतर लगेच नळी घातली असेल. नाही. पुढे पाच महिने मी भांडत होतो. मुंबईला नेऊन बेरियम देऊन एक्स-रेवर गिळतानाचा व्हिडिओ काढला, त्यात काळी रेघ चुकीच्या वाटेने जाताना मी डोळ्यांनी पाहिली आणि पोरगा शांतपणे माझ्याकडे बघत होता. खोकलाच येत नाही त्याला. तरी मी म्हणत होतो की पावडर वाढवू, वेळ वाढवू. त्या वेळच्या मला आज शिव्या घालाव्याशा वाटतात, पण तो माणूस अगदीच मूर्ख नव्हता हो. दिवसभरात पोराशी त्याचं एकच काम उरलं होतं, भरवणं, तेही काढून घेत होते. शेवटी वजनाने हरवलं. या आजारावरचं मिग्लुस्टॅट हे औषध सुरू होतं, त्याने जुलाब होतात, वजन उतरतं, आणि आमचं एकेक जेवण दीड तासाचं.

त्या नळीला पेग म्हणतात. गोव्यात हा शब्द मोठ्याने बोलायची सोय नाही, चारचौघांत हसतात.

नळीने सगळं सुटलं असंही मी म्हणणार नाही, ते ऐकायची तुमची इच्छा दिसते म्हणूनच म्हणत नाही. स्वतःची लाळ अजूनही चुकीच्या वाटेने जाऊ शकते, पोटातलं उलटून वर येऊ शकतं, म्हणून भरवल्यावर अर्धा तास त्याला सरळ बसवावं लागतं. वजन मात्र वाढलं, आणि बायको रात्री झोपते. ती म्हणते आधीच घालायला हवी होती, आई म्हणते अजून थांबायला हवं होतं, आणि मी ज्याच्यासमोर असेन त्याच्या उलट बोलतो. 2024 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेल्या दोन औषधांच्या बातम्या तुम्ही फॉरवर्ड करता ना, त्या पोचल्यात, कृपा करून आता पुरे.

आणि हो, तोंडाने खातो तो, तुमचं बरोबर आहे. बाईंनी दिवसाला दोन-तीन चमच्यांची परवानगी दिलीय, घट्ट करून, फक्त चवीला. यंदा चवथीला आईने केलेलं मणगणं, चणाडाळ-साबुदाण्याची ती खीर, मी मिक्सरमधून काढलं, गाळलं, सिरिंजने मोजलं आणि एक चमचा दिला. मिनिटभर त्याने ते जिभेवर धरून ठेवलं, डोळे मिटून. मग गिळलं आणि हाक मारली. आवाज ओला होता की नव्हता, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.